शोल : उथळ पाणी की माशांचा थवा? पुस्तिकेत काय लिहू?

सुरसागर
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. शोल या इंग्रजी शब्दापाशी दोन दिवस अडून बसले आहे, म्हणून हा धागा काढते.

आमच्या मुलांच्या मराठी गटाची सहल पुढच्या महिन्यात कावी-कंबोईला निघते आहे. बडोद्याहून सुमारे ७५ किलोमीटर. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा उघडं पडतं, ते मुलांना दाखवायचं आहे. आदल्या रविवारी कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघायचा. दोन्हींची मिळून आठ पानांची पुस्तिका मराठीत करायची असं ठरलं. आमच्या मुलांचं मराठी घरात बोलण्यापुरतं उरलं आहे, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी. छापील मराठी हातात पडतं ते असंच, म्हणून त्यात चुकीचं काही जाऊ नये असं मनापासून वाटतं.

मजकूर मुळात इंग्रजी. पहिला कच्चा अनुवाद दुसऱ्या कोणीतरी करून दिला होता, माझ्याकडे तपासायला आला. तिसऱ्या पानावर हे वाक्य: "खंबातच्या आखातात परकी जहाजे माशांच्या थव्यांवर आपटून फुटत असत." नऊ वर्षांची भाची शेजारी बसली होती, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, मासे इतके कडक असतात?" मूळ पाहिलं तर तिथे शोल्स. म्हणजे उथळ जागा, पाण्याखालचे वाळूचे नि गाळाचे उंचवटे.

सातव्या पानावर तोच शब्द खरोखर माशांसाठी आला आहे आणि तिथे अनुवादात "उथळ पाण्यातील पालवा" झालं आहे (पालवा म्हणजे हिलसा मासा). त्याच्या खालच्या ओळीत मुळात स्कूल आहे, तिथे चक्क "पालव्यांची शाळा".

मला दोन गोष्टी हव्या आहेत. हा शब्द एकच आहे की दोन, हे मुलांना चार ओळींत सांगता आलं तर पुस्तिकेत चौकट टाकीन. आणि दोन्ही अर्थांना मराठीत आपलं, बोलण्यातलं काय आहे? "मत्स्यसमूह" लिहायचं माझ्या जिवावर येतं.

इंदूरकर
सोमवार, रात्री १०.०५

पाण्याच्या अर्थाला आमच्याकडे हिंदीत छिछला, उथला. तुमच्या गुजरातीत छीछरुं. मराठीत सरळ उथळ. त्यात अडायचं काही नाही. माशांचं मात्र मलाही सुचत नाही.

कोशवाचक
सोमवार, रात्री ११.१८

ताई, शब्द एक नाही, दोन आहेत. चेहरे जुळ्यांसारखे, पण आईबाप वेगळे.

उथळ पाण्याचा शोल हा जुन्या इंग्रजीतल्या शेआल्ड या विशेषणातून आला. अर्थ सरळ "उथळ". शॅलो हा शब्दही त्याच घरातला. इंग्लंडात शॅलफर्ड नावाचं गाव आहे, त्यातलं शॅल म्हणजे हेच उथळ आणि फर्ड म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. लंडनमधलं शॅडवेलही त्यातलंच, उथळ झऱ्याचं. नावांत जुने शब्द टिकून राहतात ते असे.

माशांचा शोल समुद्रापलीकडून आला. मध्ययुगीन डच भाषेत आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या बोलीत स्खोल म्हणजे टोळी, जमाव. जुन्या इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊ होता, स्कोलु, म्हणजे माणसांची तुकडी. उत्तर समुद्रात दोन्हीकडचे कोळी एकाच पाण्यात जाळी टाकत, तेव्हा मासळीचे शब्द इकडून तिकडे गेले यात नवल नाही. गंमत अशी की हा एकच शब्द इंग्रजीत दोन रूपांनी बसला, एकदा स्कूल म्हणून आणि एकदा शोल म्हणून. माशांचं स्कूल आणि माशांचा शोल म्हणजे एकाच शब्दाचे दोन उच्चार.

आणि मुलं ज्या स्कूलमध्ये जातात ते तिसरंच. ते ग्रीक स्खोले या शब्दाचं, लॅटिनमार्गे आलेलं. स्खोले म्हणजे फुरसत. पोटापाण्याच्या कामातून मोकळा वेळ मिळाला की माणूस चर्चा करतो, शिकतो, तिथून ती जागा, तिथून शाळा. माशांच्या स्कूलचा त्या शाळेशी काही संबंध नाही.

तुमच्या पुस्तिकेत मिळून ही चार माणसं आहेत: पाण्याचा शोल, माशांचा शोल, माशांचं स्कूल, मुलांचं स्कूल. मधले दोघे भाऊ, कडेचे दोघे परके. अनुवादकानं दोन्ही ठिकाणी चेहरा पाहून परक्याला घरात घेतलं.

पुष्कळांना वाटतं की मासे उथळ पाण्यात गोळा होतात म्हणून त्यांच्या घोळक्यालाही शोल नाव पडलं असावं. ऐकायला पटतं, पण तसं झालेलं नाही. मोठे इंग्रजी कोश या दोघांना एका शब्दाचे दोन अर्थ म्हणून देत नाहीत, वेगवेगळ्या नोंदी करतात, वर बारीक १ आणि २ आकडा घालून. कोशात तो आकडा दिसला की समजावं, वंश वेगळा.

रावपुरेकर
मंगळवार, सकाळी ७.५०

माशांचा घोळका म्हणजे "गाथण"! समूहदर्शक शब्दांच्या यादीत आम्ही पाठ केलं होतं. पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप, केळ्यांचा घड, मडक्यांची उतरंड, आंब्यांची राई, बांबूचे बेट, माशांची गाथण. आजही परीक्षेला येतं. सुरसागर ताई, शब्द आयता आहे, बिनधास्त वापरा.

सुरसागर
मंगळवार, सकाळी ८.१५

गाथण! मी विसरूनच गेले होते. दादा, मनापासून आभार. हाच घालते.

मालवणची_लेक
मंगळवार, दुपारी १.३०

अगं थांब, घालू नकोस.

लग्न होऊन बडोद्याला आले त्याला आता एकवीस वर्षं झाली, पण बालपण सगळं मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर गेलं. गाथण मी हातात धरलेली आहे. मासे घेतले की पिशवी कुठली, सुंभाचा तुकडा नाहीतर माडाच्या पातीचा हीर घ्यायचा, माशाच्या कल्ल्यातून घालून तोंडातून काढायचा, मग दुसरा मासा, मग तिसरा. शेवटी गाठ मारायची आणि बोटात अडकवून घरी चालायला लागायचं. चालताना ओले मासे पोटरीला लागायचे आणि वाटेतली मांजरं मागे यायची. ती गाथण. गाथणं म्हणजे ओवणं. फुलांची माळ ओवावी तसे मासे ओवलेले.

म्हणजे गाथणीतला मासा मेलेला असतो. यादीत "माशांची गाथण" बरोबरच आहे, यादी चुकलेली नाही. पण ती बाजारातून घरी येणाऱ्या माशांची. समुद्रात पोहणाऱ्या जिवंत माशांना गाथण म्हटलंस तर माझ्या माहेरची माणसं म्हणतील, ओवले कोणी?

रावपुरेकर
मंगळवार, दुपारी २.०५

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षं मी गाथण म्हणजे पाण्यातला घोळका समजत होतो. वहिनी, तुमचं बरोबर. माझी सूचना मागे घेतो.

सुरसागर
मंगळवार, दुपारी २.२०

बरं झालं सांगितलंस. पण मग तुमच्याकडे पाण्यातल्या घोळक्याला काय म्हणतात? रोजच्या धंद्यातली गोष्ट आहे, शब्द असणारच.

मालवणची_लेक
मंगळवार, रात्री १०.१०

दुपारपासून हेच आठवत होते. मग मामाला फोन लावला. तो आता सत्तरीचा आहे, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, हयात गेली त्याची. मी विचारलं, मामा, बांगड्यांचा मोठा घोळका दिसला की तुम्ही काय म्हणायचात? तो म्हणाला, "काय म्हणतलव? बांगडो इलो!"

मी पुन्हा विचारलं, तसं नाही, त्या घोळक्याला नाव काय? त्याला प्रश्नच कळेना. "बांगडो इलो म्हणजे बांगडो इलो. एक इलो तर कोण आरडतलो?"

मी फोन ठेवला आणि गप्प बसून राहिले. खरंच की. पावसाळा सरला की किनाऱ्यावर कोणीतरी उभा राहून पाण्याकडे बघत असायचा. पाण्याचा एक पट्टा आजूबाजूपेक्षा काळपट दिसायचा, वर बारीक थरथर, पक्षी घिरट्या घालत. तो ओरडला, बांगडो इलो, की सगळा वाडा धावत सुटायचा. होडी रापणीचं एक टोक घेऊन अर्धगोल फिरून यायची आणि मग दोन्हीकडून पंचवीस-तीस माणसं दोर ओढायची. रापणीला मासळी लागली, असं म्हणत. मासळी लागली, मासळी आली, मासळी गेली. एवढीच भाषा. हजारो बांगडे, आणि शब्द एकवचनी.

कोशवाचक
मंगळवार, रात्री १०.४५

ताई, तुमच्या मामांनी उत्तर दिलं आहे. ते जपून ठेवा.

मराठीत हे सगळीकडे आहे, आपलं लक्ष जात नाही एवढंच. "यंदा आंबा चांगला आला." एक आंबा नव्हे. "ऊस तुटून गेला." "टोळ आला." "बाजारात हापूस उतरला." पीक, मासळी, कीड, जे मोठ्या संख्येनं एकदम येतं आणि एकदम जातं, त्याला मराठी एकवचनात बोलते आणि त्याला येणं, लागणं, उतरणं, पडणं अशी क्रियापदं जोडते. घोळक्याचं काम तिथे नाम करत नाही, क्रियापद करतं. इंग्रजीत "माशांचा अमुक" असं नाम लागतं, म्हणून आपण तसलंच नाम शोधत बसलो.

तेव्हा जिथे वाक्य तसं वळवता येईल तिथे शब्द शोधूच नका. "पावसाळ्यात नर्मदेत पालवा चढतो." झालं. त्यात थवा आहे, शोल आहे, सगळं आहे.

इंदूरकर
मंगळवार, रात्री ११.००

वा. हे आवडलं. पण कोशवाचक, चौकटीसाठी एक विचारतो. शोलसारखा शब्द मराठीत आहे का? म्हणजे एकच रूप, आणि अर्थ दोन, एक जागेचा आणि एक घोळक्याचा? मुलांना त्यावरून चटकन कळेल.

कोशवाचक
बुधवार, सकाळी ६.३०

आहे. रात्रभर डोक्यात तेच होतं. दोन आहेत, आणि त्या दोघांतला फरकच मुलांना सांगण्यासारखा आहे.

पहिला, बेट. रावपुरेकरांच्या यादीतच तो बसला होता. समुद्रातलं बेट आणि बांबूचं बेट. एक पाण्याने वेढलेली जमीन, दुसरा झाडांचा पुंजका. मला हा एकच शब्द वाटतो, अर्थ पसरलेला. मोकळ्या रानात बांबूचा एक गच्च ठोकळा उभा असतो, भोवती काही नाही, लांबून बघावं तर बेटच. "ते बेट" आणि "ते बेट", लिंगही एकच.

दुसरा, माळ. "तो माळ" म्हणजे उघडी, उंच, पडीक जमीन, आणि "ती माळ" म्हणजे ओवलेली फुलं, मणी. इथे शब्द दोन. ती माळ संस्कृत मालेतून आली. तो माळ संस्कृतातल्या दुसऱ्याच "माल" शब्दातून, ज्याचा अर्थ उंचावरचं शेत. कालिदासानं मेघदूतात ढगाला ज्या नांगरलेल्या मालावर चढायला सांगितलं आहे तोच हा. वाटेत रूपं झिजत गेली आणि मराठीत येईपर्यंत दोघांचा आवाज एक झाला. पण मराठीनं लिंग वेगळं ठेवलं, म्हणून आपली कधी गफलत होत नाही. "माळावर गुरं चरतात" आणि "माळेत मणी ओवतात" यांत कोणी अडखळत नाही.

शोलचं झालं आहे ते माळेसारखं, बेटासारखं नाही. फक्त इंग्रजीत तो आणि ती नाहीत, तेव्हा ओळखायला मागचंपुढचं वाक्यच बघावं लागतं. जहाज अडकलं तर पाणी, जाळं टाकलं तर मासे.

महीकाठचा
बुधवार, दुपारी १२.४०

माशांचं सगळे बोलले, पाण्याचं कोणीच बोललं नाही. "सरळ उथळ" म्हणून इंदूरकर पुढे गेले. मी तीस वर्षं या आखाताच्या काठानं कामानिमित्त फिरलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उथळ हे विशेषण आहे. शोल ही वस्तू आहे. आखाताच्या तळाशी वाळू आणि गाळ यांचे लांबच लांब बांध पडलेले असतात. मही, साबरमती, नर्मदा, तापी सगळ्या गाळ आणून याच चिंचोळ्या आखातात ओततात आणि भरती-ओहोटी तो गाळ इकडचा तिकडे करत राहते. मोठ्या भरतीला भावनगरच्या बाजूला पाणी १० मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं. तीन मजली घराएवढं. म्हणजे सकाळी ज्या जागेवरून होडी जाते तिथे दुपारी माणूस उभा राहू शकतो. आणि बांध एका जागी राहत नाहीत. गेल्या वर्षीचा नकाशा या वर्षी चालत नाही.

खंबात बंदर यातच गेलं. एके काळी जगभरची गलबतं तिथे लागत, मग गाळानं पाणी मागे मागे सरकत गेलं. आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट घ्यायची तर घोघा-दहेज फेरी, म्हणजे आखात ओलांडणारी बोट. २०१७ मध्ये सुरू झाली, दहेजच्या बाजूला गाळ साचून पाण्याची खोली पुरेना, शेवटी बंद पडली आणि २०२० मध्ये फेरी हजीऱ्याला नेली.

तुमच्या तिसऱ्या पानावरचं वाक्य कुठून आलं असेल तेही सांगतो. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासाचं टिपण लिहून ठेवलं आहे, पेरिप्लस म्हणतात त्याला. त्यात भरूचला बारिगाझा म्हटलं आहे आणि तिथे शिरणं किती अवघड आहे हे तपशिलानं सांगितलं आहे. नदीचं मुख सापडत नाही, किनारा सखल, पाण्यात उथळ बांध. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी त्राप्पागा आणि कोटिम्बा नावाच्या मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परक्या जहाजांना बांधांमधून वाट काढत आत आणत. भरती लागली की पुढे सरकायचं, ओहोटी लागली की नदीतल्या खोल डोहात नांगर टाकून थांबायचं. दोन हजार वर्षांपूर्वीचे आपले कोळी, आणि त्यांचं सगळं ज्ञान या एका शब्दाचं: कुठे शोल आहे आणि कुठे नाही.

त्याच टिपणात आहे की भरतीचं पाणी उथळ बांधांवरून घुसताना सैन्याच्या आरोळीसारखा आवाज लांबून ऐकू येतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपण माणसांबद्दल म्हणतो. पण ते आधी पाण्याबद्दल खरं आहे. खोल पाणी बिनबोभाट चढतं. उथळात शिरलेली लाट तळाला अडते, तिचा वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं, ती उंच होते आणि फुटते.

आता शब्द. मराठीत वाळूचा दांडा म्हणतात, कोकणात तर गावांची नावंच दांडा, दांडी आहेत, आताच मालवणच्या दांडीचं नाव आलं. पाण्याखालचा असेल तर "पाण्याखालचा दांडा" म्हणा. भरूचकडे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला गुजरातीत भाठो म्हणतात, ती मात्र उघडी जमीन, शोल नव्हे. आणि उतार हा शब्द विसरू नका. "नदीला उतार आहे" म्हणजे पायी ओलांडता येण्याइतकं पाणी कमी आहे.

सुरसागर
बुधवार, दुपारी १.१५

काका, हे सगळं पुस्तिकेत घालावंसं वाटतंय. राजाचे कोळी तरी नक्की घालते. मुलांना उथळ म्हणजे किती, हे कसं सांगू? मीटर लिहिले तर डोळ्यांपुढे काही येत नाही.

महीकाठचा
बुधवार, दुपारी १.४०

अंगानं मोजा. घोट्याएवढं, पोटरीभर, गुडघाभर, मांडीभर, कंबरभर, छातीभर, गळाभर. त्यापुढे पुरुषभर. विहीर खणणारे अजून "दोन परस", "तीन परस" म्हणतात, परस म्हणजे पुरुषच. दर्यावर कोळी वाव म्हणतात, दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढं भरतं तेवढं. दोराला वजन बांधून सोडायचा आणि ओढताना हात पसरून मोजायचा. इंग्रजांचा फॅदमही असाच पसरलेल्या हातांचा.

पण कावीला एक लक्षात ठेवा. पाणी घोट्याएवढं आणि खाली चिखल गुडघाभर, असं तिथे असतं. एकदा ओहोटीला मी देवळापासून थोडा पुढे उतरलो होतो. वर बोटभर पाणी, त्यात आभाळ दिसत होतं, इतकं स्वच्छ आणि शांत. तिसऱ्या पावलाला डावा पाय पोटरीपर्यंत गेला. उपसायला गेलो तर चप्पल आत राहिली आणि उजवा रुतला. बरोबरच्या खारव्यानं, म्हणजे तिथल्या खलाशानं, ओरडून सांगितलं, हलू नका, आडवे बसा, वजन पसरा. तसा सरपटत बाहेर आलो. त्या माणसाला पायाखालच्या गाळाचा रंग पाहून कळत होतं कुठे टेकायचं. मला सगळं एकच करडं दिसत होतं. मुलांना पायऱ्यांच्या खाली उतरू देऊ नका.

जलचर_२३
बुधवार, सायंकाळी ६.२०

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, धागा दोन दिवस वाचते आहे. कोशवाचक काका म्हणाले तसं शब्द म्हणून माशांचा शोल आणि माशांचं स्कूल एकच. पण आमच्या विषयात आता दोघांत फरक करतात, म्हणून लिहिते.

मासे नुसते एकमेकांच्या सोबतीनं एका ठिकाणी राहत असतील, कोणी इकडे तोंड करून, कोणी तिकडे, तर तो शोल. आणि सगळे एका दिशेला, एका वेगानं, एकदम वळत पोहत असतील तर ते स्कूल. तेच मासे सकाळी शेवाळ खाताना शोल असतात आणि मोठा मासा दिसला की क्षणात स्कूल होतात.

महीवर सिंधरोटला काठाशी उभं राहिलं की हे दिसतं. वीतभर पाण्यात नखाएवढी पिल्लं पसरलेली असतात, आपली सावली पडली की सगळी एकदम चांदीसारखी चमकून वळतात आणि पुन्हा सैल होतात. एकमेकांना धडकत नाहीत. डोळे तर आहेतच, शिवाय माशाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिला आम्ही पार्श्वरेषा म्हणतो. तिच्यात पाण्याची हालचाल कळणाऱ्या पेशी असतात. शेजारचा वळला की पाण्याचा धक्का या रेघेला लागतो. घोळक्यात शिकाऱ्याला एकावर नजर ठरवता येत नाही, शिकारी लवकर दिसतो, आणि खाणंही लवकर सापडतं. म्हणून इतके मासे आयुष्यात कधी ना कधी घोळका करतातच.

माझी विनंती, सातव्या पानावर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या तर बघा.

रावपुरेकर
बुधवार, रात्री ८.००

मग शोलला घोळका आणि स्कूलला थवा?

महीकाठचा
बुधवार, रात्री ८.३०

थवा नको. थवा उडणाऱ्यांचा. पाखरांचा थवा, टोळांचा थवा. पाण्यात थवा म्हटलं की मला खटकतं. झुंड म्हणा.

मालवणची_लेक
बुधवार, रात्री ९.०५

काका, झुंड ऐकली की मला अंगावर येणारी माणसं दिसतात. मासे काही हल्ला करत नाहीत. एकदम वळणाऱ्या माशांना थवा चालेल असं माझं मत. संध्याकाळी कमाटीबागेच्या झाडांवर पाखरं उतरायच्या आधी आभाळात जशी एकत्र वळतात तसेच मासे वळतात. शब्द उडण्याचा नाही, एकत्र वळण्याचा आहे, असं समजा.

कोशवाचक
बुधवार, रात्री ९.५०

मी दोघांच्या मध्ये आहे. थवा पाण्यात नवा आहे हे काकांचं खरं, आणि वर्तमानपत्रांतून तो आता रुळतो आहे हेही खरं. मुलांना पाखरांचा थवा माहीत आहे, त्यावरून माशांची हालचाल डोळ्यांपुढे येईल, म्हणून या पुस्तिकेत मी थवा ठेवीन. मात्र पहिल्यांदा येईल तिथे "पाखरांसारखा" एवढं जोडा.

आपल्या गावाची एक आठवण या निमित्तानं. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना आपल्या भाषांतले प्रतिशब्द जुळवायला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा कोश करवून घेतला, १९३१ चा. इंग्रजीसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली असे शब्द शेजारी शेजारी. आणि सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचं ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानात, तर तिथल्या समुद्रातल्या जीवांची पाहणी त्यांनी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करवली, तिचा पहिला अहवाल १९०९ मध्ये निघाला. समुद्र आणि शब्द, दोन्ही इथे बसून मोजले गेले आहेत. आपण त्याच गावात मुलांच्या आठ पानांसाठी तीन दिवस खल केला, मला याचा फार आनंद आहे.

सुरसागर
गुरुवार, सकाळी ११.००

रात्री बसून दोन्ही पानं नव्यानं लिहिली. इथे टाकते, खटकेल ते सांगा.

पान ३: "खंबातच्या आखातात पाण्याखाली वाळूचे आणि गाळाचे लांब दांडे आहेत. भरतीला ते दिसत नाहीत. परकी जहाजं त्यांच्यावर चढून रुतत. म्हणून राजाचे कोळी होड्या घेऊन समोर जात आणि त्यांना वाट दाखवत आत आणत. भरती लागली की चालायचं, ओहोटी लागली की डोहात थांबायचं."

पान ७: "पावसाळ्यात समुद्रातून नर्मदेत पालवा चढतो. एक नाही, पुष्कळ. मासे खाताना सैल घोळक्यात असतात. शिकारी दिसला की पाखरांसारखा थवा करून सगळे एकदम वळतात."

चौकटीत तो माळ आणि ती माळ घेतली आहे, आणि खाली शोल, शोल. गाथणीचं चित्र भाची काढणार आहे, सुंभात ओवलेले तीन बांगडे.

देवमाशाच्या पानावर एवढंच आहे: सांगाडा ७० फुटांच्या वर, चाळीसच्या दशकात महीच्या मुखाशी मिळालेला.

मालवणची_लेक
गुरुवार, सकाळी ११.२५

"चढतो" वाचून बरं वाटलं. भाचीला सांग, दोर कल्ल्यातून घालून तोंडातून काढायचा. डोळ्यातून नाही, पुष्कळजण चित्रात तसं काढतात.

महीकाठचा
गुरुवार, दुपारी १२.१०

पान ३ उत्तम. एकच दुरुस्ती, "भरतीला ते दिसत नाहीत" च्या पुढे "ओहोटीला काही उघडे पडतात" जोडा, कारण मुलं तेच बघणार आहेत. आणि सहलीची तारीख ठरवायच्या आधी त्या दिवसाच्या ओहोटीची वेळ पाहून घ्या. ती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. गेल्या रविवारची वेळ या रविवारी धरून निघालात तर देऊळ पाण्यात असेल.